मदत हवी आहे: वाचनालयाच्या फलकावरची माहिती ताजी कशी ठेवायची?

नमस्कार. मी नाशिकला पंचवटीत एका शासनमान्य 'क' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. गावात 1840 पासूनचं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, आहे, त्यापुढे आमचा जीव तो केवढा! दोन खोल्या, एक व्हरांडा, मी आणि एक शिपाई.

सकाळी पेपर वाचायला आजोबा मंडळी येतात, दुपारी स्पर्धा परीक्षेची मुलं. पण हल्ली आणखी एक वर्ग येतो. हे लोक सभासद नाहीत, त्यांना पुस्तकही नको असतं. "ताई, सातबारा मोबाइलवर निघतो का?" "लाडक्या बहिणीचं केवायसी कसं करायचं?" पावसाळ्यात गोदाकाठचे दुकानदार विचारतात, "गंगापूर धरणातून किती पाणी सोडलंय?" दोन वर्षांपासून विसर्गाचा आकडा आणि वेळ मी व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूने लिहिते. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागेपर्यंत थांबलं, तर माल हलवायला वेळच उरत नाही. 2027 चा सिंहस्थ आला की कुठला रस्ता बंद, गाडी कुठे लावायची, हेही लोक आम्हालाच विचारणार.

मला हे काम मनापासून करायचंय. पण जूनमध्ये जे झालं, ते डोक्यातून जात नाही.

भाजी विकणाऱ्या एक मावशी मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी आल्या. फलकावर आम्हीच लावलेलं पत्रक होतं. त्यातली कागदांची यादी मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी धंदा बुडवून दोन दिवसांत सगळं जमवलं. अर्ज द्यायला गेल्या, तर परत पाठवलं, कारण यादी बदलली होती. मी पत्रक काढून पाहिलं. ते मागच्या वर्षाचं होतं. वर्ष खालच्या कोपऱ्यात छापलेलं, आणि त्यावरच दुसऱ्या कागदाची कड टाचलेली. मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, वाचनालयाच्या भिंतीवर होतं म्हणून खरं धरलं."

तेव्हापासून फलकाकडे बघवत नाही. कार्यकारी मंडळातले काही जण म्हणतात, पुस्तकं सांभाळा, सेतू केंद्र होऊ नका. मला ते पटत नाही. सेतूत अर्ज भरून मिळतो, पण अर्ज कुठला भरायचा हेच ज्याला माहीत नाही, त्याने कुठे जायचं? मात्र चुकीची माहिती देण्यापेक्षा न दिलेली बरी, हेही खरं.

तर विचारायचंय असं की, एकटीच्या बळावर ही माहिती ताजी कशी ठेवायची? सरकारी कचेऱ्यांकडून पत्रकं वेळच्या वेळी मागवायला काही आधार आहे का? आणि लोक सरळ मोबाइल हातात देऊन "तुम्हीच भरा" म्हणतात, तेव्हा काय करावं? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: जुना_कारकून

ताई, महसुलात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. आधार भक्कम आहे. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4. कुणी अर्ज न करताही कचेरीने आपणहून माहिती जाहीर करायची असते, आणि ती लोकांना कळेल अशा रीतीने, स्थानिक भाषेत पोचवायची असते. सूचना फलकाचा उल्लेख त्या कलमातच आहे. शिवाय लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे प्रत्येक कचेरीने कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, कोणता अधिकारी देईल आणि अपील कुणाकडे करायचं, याची यादी लावायची असते. ती यादी आधी मागा. सगळ्या योजनांच्या मागे लागण्यापेक्षा तिचा लोकांना जास्त उपयोग होतो. पत्र वाचनालयाच्या लेटरहेडवर द्या आणि पोच घ्या. तोंडी मागितलं तर "उद्या या" ऐकाल.

शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रत्येकावर सांकेतांक असतो. पत्रकावर तो लिहून ठेवा, म्हणजे मूळ कागद कुणालाही शोधता येईल.

प्रतिसाद: पुस्तकवाली_सिन्नर

ताई, मीही ग्रंथपाल आहे, आणि आमच्याकडेही असंच झालं होतं. आता आम्ही पत्रकाला पुस्तकासारखंच वागवतो. आलं की वहीत नोंद, आणि देवघेवीचा तारखेचा शिक्का आहे ना, तोच पत्रकावर मारायचा. पुस्तकाला परतीची तारीख असते, तशी पत्रकाला तपासायची. आम्ही महिन्याची ठेवतो. तारीख उलटली की कागद खाली, मग तो कितीही महत्त्वाचा वाटो. दर सोमवारी अर्धा तास जातो. फलकावर कागद कमी झाले, पण आहेत ते खरे आहेत.

मोबाइलचं म्हणाल तर हातात घेऊच नका. शेजारी बसा, बोट दाखवा, टाइप त्यांनाच करू द्या. ओटीपी मोठ्याने वाचूही देऊ नका. आधारची झेरॉक्स विसरून गेले तर त्याच दिवशी परत करा, दप्तरात ठेवू नका. आमच्या अभ्यासिकेतली दोन मुलं शनिवारी तासभर मदतीला बसतात. त्यांना हे नियम आधी समजावून सांगितले होते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. शिक्का रोज हातात असतो, पण हे सुचलं नव्हतं. काका, पत्राचा मसुदा करते आणि इथेच टाकते, तुम्ही नजर घाला. मंडळाच्या बैठकीत तेच पत्र पुढे ठेवेन.

आज संध्याकाळी फलक पूर्ण रिकामा केला. सत्तावीस कागद निघाले. त्यातल्या एकोणीस कागदांवर तारीखच नव्हती. मावशींनाही निरोप धाडलाय, नवी यादी हातात आली की मी स्वतः त्यांच्याबरोबर जाणार आहे.

सिन्नरच्या ताई, एक विचारायचं राहिलं. शाई पुस्तकांचीच वापरता की वेगळ्या रंगाची? आमच्याकडच्या आजोबांना लांबून दिसायला हवी.