रात्री डायपर गळतो, गादी ओली होते: तुम्ही काय केलंत?

मुलगा साडेचार महिन्यांचा, वजन ७ किलोच्या थोडं वर. गेले दहा दिवस रोज रात्री तीन-साडेतीनला कुरकुरत उठतो. हात घालावा तर झबलं पाठीपर्यंत ओलं, दुपटं ओलं, खालच्या गादीवर नकाशा. डायपर रात्री दहाला बदललेला असतो. महागातलं पाकीट आणून पाहिलं, तेच. त्यात जुलै. वन बीएचके, वाळत घालायला खिडकीची ग्रिल आणि पंखा. सासूबाई म्हणतात लंगोट बांध, नवरा म्हणतो अलार्म लाव. (अलार्म वाजला की कोणी उठायचं, ते नाही सांगत.)

कोणाला कशाचा उपयोग झाला ते लिहा. लांबलचक लिहिलंत तरी चालेल, पाजताना एका हाताने वाचते.

जुळ्यांची आई, चेंबूर

कंपनी बदलण्याआधी ओलं नेमकं कुठे होतं ते बघा. माझ्याकडे एक मुलगा, एक मुलगी, त्यामुळे हा अभ्यास जबरदस्तीने झाला. मुलाचा डायपर पुढून, पोटाकडून गळायचा. मुलीचा मागून, कमरेपाशी. मांडीपाशी ओलं असेल तर प्रकरण वेगळं, तिथे फ्रिल नीट बसलेली नसते. डायपर बांधून झाला की मांडीभोवती बोट फिरवून ती झालर बाहेर काढायची. आत दुमडलेली राहिली तर सगळं पाणी तिथून सरळ गादीत.

आणि माप. पाकिटांवर साधारण स्मॉल ४ ते ८ किलो, मीडियम ७ ते १२ असं असतं. म्हणजे तुमचं बाळ दोन्हींत बसतं. दिवसा स्मॉल संपवा, रात्री मीडियम घाला. मोठ्या मापात शोषणारा भाग जास्त असतो, रात्रीला तोच लागतो. फार मोठं मात्र नको, कमरेशी दोन बोटं जातील एवढंच सैल.

धागा काढणारी

स्मॉलच चालू आहे हो! ८ किलोपर्यंत लिहिलंय म्हणून पुरवून पुरवून वापरत होते. ओलं पोटापासून सुरू होऊन पाठीकडे जातं बहुतेक. अंधारात इतकं कोण बघतं. आज बघते.

रात्रपाळीचा बाबा, अंधेरी

पोटापासून असेल तर हे वाचा. मुलाची शूची जागा डायपर लावताना खाली वळवून ठेवायची. वर किंवा बाजूला राहिली की धार थेट कमरपट्टीकडे जाते आणि डायपर अर्धा कोरडा असतानाच बाळ ओलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या आईच्या लेखी कुठल्याही कंपनीचा डायपर म्हणजे हगीज, आणि तो लावणं हे काही बाप्याचं काम नाही. दोन महिने मी मोबाइलच्या टॉर्चमध्ये टेप लावत होतो आणि रोज सकाळी बोलणी खात होतो.

लहान बाळाला रात्री पँटवाल्यापेक्षा टेपवाला बरा पडला. घट्ट-सैल करता येतो, आणि बदलताना दोन्ही पाय ओढून काढावे लागत नाहीत, त्यामुळे बाळ पुरतं जागं होत नाही.

गोरेगाव पूर्व

संध्याकाळी मालिशवाली बाई येते का? पोटाला तेल असेल तर टेप धरत नाही, रात्रीतून सुटतो. आमच्याकडे एवढंच कारण निघालं. कमरेचं तेल पुसून मग बांधा.

लालबागची आजी

सुनेने वाचून दाखवलं म्हणून तिच्याकडून लिहून घेतेय. माझी दोन्ही मुलं चाळीत वाढली, डायपर बघितला नव्हता. सासूच्या जुन्या मऊ नऊवारीचे लंगोट, एका वेळी तीस-चाळीस. पहाटे नळाला पाणी आलं की आधी लंगोटांची बादली. पावसाळ्यात गॅलरीत दोरीवर आठ बिऱ्हाडांचे लंगोट, कोणाचा कुठला ते काठावरून ओळखायचं. न वाळलेल्यांवर इस्त्री फिरवायची, नाहीतर कुबट वास येतो आणि बाळाला पुरळ.

तुझी सासू म्हणते तसा लंगोट बांधलास तर रात्री चार-पाचदा उठशील. लंगोट शू धरून ठेवत नाही, लगेच सांगतो. आम्ही उठायचो, कारण घरात उठणारी माणसं पाच होती. तुम्ही दोघंच.

पण एक सांगते. अंथरूण दोन थरांत घालायचं. खाली रबर, त्यावर दुपटं, त्यावर परत रबर, परत दुपटं. सगळं ताणून गादीखाली खोचायचं, बाळाखाली सुरकुती नको. रात्री ओलं झालं की वरची जोडी ओढून काढायची, खाली कोरडं तयार. दिवा लावायला नको, कपाट उघडायला नको.

मुलुंड, कापडी डायपर

मी कापडीवाली, त्यामुळे माझी गळती वेगळ्या जातीची. सुरुवातीला मायक्रोफायबरचे पॅड होते. ते पटकन शोषतात, पण बाळाचं वजन पडलं की पिळल्यासारखं सोडून देतात. रात्रीसाठी बांबू किंवा भांगेच्या कापडाचे पॅड घेतले. ते सावकाश शोषतात पण धरून ठेवतात. म्हणून वर एक पटकन शोषणारा, खाली हा. (मायक्रोफायबर थेट त्वचेला लावू नका, फार कोरडं करतो. मध्ये सुती कापड हवं.)

नवे पॅड पाच-सहा धुण्यांनंतरच नीट पितात. आणि त्यांना फॅब्रिक सॉफ्टनर कधीच नाही. त्याचा थर बसतो आणि पाणी कमळाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळतं. रॅशचं जाड क्रीम आणि खोबरेल तेलही तेच करतं. मी हे कळायच्या आधी तीन नवे पॅड नासवले.

खरं सांगायचं तर जून ते सप्टेंबर मी रात्री साधा डायपर लावते. जाड पॅड मुंबईच्या पावसात दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तत्त्व कपाटात, बाळ कोरडं.

विक्रोळी

झोळीत झोपवता का? आमची झोळीत झोपायची. साडी खाली झुकते, बूड सगळ्यात खाली जातं, मागच्या कमरेतून गळतं. सपाट गादीवर पाठीवर निजवायला लागल्यावर थांबलं.

परिचारिका, परळ

बालविभागात काम करते म्हणून चार गोष्टी. रात्री गळतं म्हणून दूध कमी करू नका, असा सल्ला देणारे नातेवाईक मी रोज भेटते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा शू, हे दूध पुरतंय याचं लक्षण आहे. ते अचानक कमी झालं, बाळ मलूल वाटलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

डायपरवर डायपर चढवून उपयोग नाही. आतल्याचं बाहेरचं प्लास्टिक पाणी पुढे जाऊच देत नाही, नुसता उकाडा होतो. शू झाली म्हणून गाढ झोपलेलं बाळ दरवेळी उठवायला नको, शी झाली की मात्र लगेच बदला. झोपेआधी झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. पावडर नको, ती श्वासात जाते. आणि वापरलेला डायपर गुंडाळून, वर्तमानपत्रात बांधून टाका. कचरा उचलणारी माणसं हातानेच उचलतात.

धागा काढणारी

अपडेट. रात्री मीडियम, दिशा खाली, झालर बाहेर, तेल पुसलेलं, आजींचे दोन थर. पहिल्या दोन रात्री कोरड्या! मी तरी तीनला उठलेच, सवयीने. काल तिसऱ्या रात्री परत ओलं, पण पाठ नाही, फक्त डावी मांडी. तिकडची झालर आत होती. बांधला कोणी होता ते लिहीत नाही, तो हा धागा वाचतोय.

आता गादीचं काय करू? पंख्याखाली उभी केलीय, वास जात नाही.

जुळ्यांची आई, चेंबूर

पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडक्याने टिपून घे, ओतू नको. वाळली की खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेव, सकाळी ब्रशने झाड. उन्हाच्या भरवशावर राहिलीस तर ऑक्टोबर येईल.