मदत हवी आहे: जर्मनीत सोलर सेलवर इंटर्नशिप

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, एम.एस्सी. फिजिक्सला आहे. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत तीन महिने पेरोव्स्काइट (सिलिकॉनऐवजी वापरता येणारा एक स्फटिकी पदार्थ) सोलर सेलवर काम करायची संधी मिळाली आहे. सिलिकॉन पॅनल एका अंशाने तापलं की वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. एप्रिलच्या दुपारी आमच्या गच्चीवरच्या पॅनलच्या चौकटीला हात लावला की चटका बसतो. तिथूनच हा विषय डोक्यात बसला.

पेरोव्स्काइटला दमटपणा सोसत नाही, म्हणून बरंचसं काम नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत चालतं. मी तो अजून डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. स्पिन कोटिंगचा (काच वेगाने फिरवून तिच्यावर द्रावणाचा पातळ थर देण्याचा) सराव करायला सोलापूर-पुण्यात कुठे सोय होईल का? दुसरं, बाबा यंत्रमागावर कामाला आहेत. व्हिसासाठी खर्चाची तजवीज कशी दाखवायची? यातून कुणी गेलं असेल तर कृपया सांगा, फार मदत होईल.