चिकणमातीवरून जुन्या पाण्याचा खारेपणा: कुठली चाचणी करू?

रंकाळाकाठ (कोल्हापूर): नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सिंधुदुर्गातल्या एका नव्या विहिरीतून जांभ्याखालची काळी चिकणमाती आणली आहे. लाकडाचे कोळशासारखे तुकडे आहेत, शिंपला एकही नाही. ही माती खाडीत साचली की गोड्या तळ्यात, हे शोधायचंय. बोरॉनवरून कळतं असं वाचलं. पैसे एकाच चाचणीपुरते आहेत.

गाळमाती: आधी एक्सआरडी (क्ष-किरणांनी मातीतली खनिजं ओळखायची चाचणी) कर भावा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास बोरॉन असतं, नदीत त्याच्या शेकडो पटींनी कमी. इलाइट हे चिकणमातीतलं पोटॅशवालं खनिज ते बोरॉन धरून ठेवतं, सावकाश आपल्या जाळीत सिलिकॉनच्या जागी बसवतं. मग ते धुतलं तरी जात नाही. सागरी गाळात बोरॉन जास्त असतं हे गोल्डश्मिट आणि पीटर्स यांनी 1932 मध्येच दाखवलं होतं. पण आपला दगड बसाल्ट. त्यातून मुख्यतः स्मेक्टाइट निघतं, जांभ्याखाली केओलिनाइट; ही चिकणमातीची वेगळी खनिजं. इलाइटच नसेल तर बोरॉन कमी आलं म्हणून पाणी गोडं ठरत नाही.

रंकाळाकाठ: पोटॅशवरून दुरुस्ती करतात ना? इलाइटमध्ये पोटॅश 8.5 टक्के धरून, म्हणजे बोरॉनला 8.5 ने गुणून मातीतल्या पोटॅशच्या टक्क्यांनी भागायचं?

गाळमाती: ती इलाइटसाठीच. तुझ्या मातीत पोटॅश अर्धा टक्का आला, तर सतराने गुणशील. मोजण्यातली बारीक चूकही सतरापट होईल.

घाटउतार: बोरॉनला गॅलियम या धातूने भागून येणारं गुणोत्तरही जपून. 3 च्या खाली गोडं, 6 च्या वर सागरी असं धरतात, पण जांभ्याच्या मातीत ॲल्युमिनियमबरोबर गॅलियम साठतं आणि आकडा खाली ओढला जातो. मी तुझ्या जागी गंधक आणि सेंद्रिय कार्बन मोजलं असतं. गोड्या पाण्यात सल्फेट तुटपुंजं, त्यामुळे पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) फारसं बनत नाही; गंधक भागिले कार्बन हे गुणोत्तर 0.1 च्या खाली राहतं. माती ठेवलीस कशी?

रंकाळाकाठ: कापडी पिशव्यांत, दोन महिने. वर पिवळी पूड आलीय.

घाटउतार: ती पूड बहुधा पायराइट हवेने कुजून आलेली. म्हणजे गंधक होतं, ही मोलाची खूण! पण आता त्या नमुन्यांचा आकडा धरू नकोस. ताजी माती काढ, लगेच हवाबंद कर, थंड ठेव. जाताच आहेस तर विजयदुर्गच्या खाडीतला गाळही घे, तोंडापासून खारेपाटणपर्यंत. दगड तोच, पाणी मात्र खाऱ्याचं गोडं होत जातं. तुलनेला तोच खरा.

रंकाळाकाठ: विहीर अजून बांधलेली नाही. रविवारी गगनबावड्यावरून उतरतो.