मदत हवी आहे: गटाच्या प्रॅक्टिकल रिपोर्टला गुण कसे देतात?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात बीएस्सी केमिस्ट्रीला आहे. यंदा चौघांत मिळून एकच रिपोर्ट द्यायचाय आणि गुण चौघांना सारखेच.

आमचा विषय पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार किती ते. नळाला येणारं उजनीचं, जुळे सोलापुरातल्या बोअरचं आणि हिप्परगा तलावाचं पाणी घेतलंय. पीएच १० चं बफर, दोन थेंब इरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून दाखवणारं इंडिकेटर), ईडीटीएचं टायट्रेशन (ते द्रावण थोडं थोडं सोडून किती लागलं ते मोजायचं), लालसर रंग जाऊन निळा आला की थांबायचं. ०.०१ मोलर ईडीटीए असलं की १ मिली म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे आकडेमोड कुणीही करेल. डोकं लागतं ते पुढे. बोअरचं रीडिंग एवढं का चढलं, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातल्या २०० मिग्रॅ प्रति लिटरच्या मर्यादेशी (दुसरा स्रोतच नसेल तर ६००) ते कसं ताडायचं, एंड पॉइंट (रंग बदलायचा नेमका क्षण) हुकला तर किती फरक पडतो. हे लिहायला कुणी तयार नाही. एकानं जुन्या जर्नलमधून उद्देश आणि साहित्य उतरवलं, म्हणतो ‘माझं झालं बघ’.

तुमच्याकडे कुणी काय केलं ते रिपोर्टमध्ये नोंदवून घेतात का? की तोंडी विचारून गुण वेगळे करतात? रीडिंग एकच ठेवून निष्कर्ष प्रत्येकानं स्वतंत्र लिहिला तर कॉपी धरतील का? आणि मॅडमना हे विचारायचं कसं, म्हणजे मित्राची चुगली केल्यासारखं वाटणार नाही?