मदत हवी आहे: तालुक्यातल्या १४ माध्यमिक शाळांत प्रयोगपेट्या फिरवायच्या आहेत, वेळापत्रक बसत नाही

विज्ञान_समन्वय:
नमस्कार मंडळी. तालुक्यात १४ माध्यमिक शाळा आहेत. नववीला आणि दहावीला प्रत्येक शाळेत साधारण ६०-६० मुलं. चार-पाच शाळा सोडल्या तर प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट. चार पेट्यांपुरते पैसे हातात आहेत. वीज, प्रकाश, रसायन, सूक्ष्मदर्शक अशी एकेक पेटी करून प्रत्येक शाळेत आठवडाभर ठेवायची असं ठरत होतं. पण मग एक पेटी सगळीकडे पोचायला १४ आठवडे लागतात. मध्ये सहामाही, दिवाळी, तालुका विज्ञान प्रदर्शन. शेवटच्या शाळांना साहित्य मिळेपर्यंत दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा दारात येते. काय बदलावं? पेटीत नेमकं काय आणि किती घ्यावं? फुटलं-हरवलं तर नोंद कुणाच्या नावावर?

ओहमराव:
चार विषयांच्या चार पेट्या हीच अडचण आहे. पेटी धड्याबरोबर फिरली पाहिजे. नववीत धाराविद्युत तिसरं प्रकरण आहे, म्हणजे जुलै-ऑगस्ट. दहावीत भाग १ मध्ये प्रकाशाचे अपवर्तन सहावं आणि भिंगे सातवं. दोन्ही एकाच वेळी कुणालाच नको असतात. म्हणून विजेच्या दोन सारख्या पेट्या आणि प्रकाशाच्या दोन सारख्या पेट्या करा. पेटी एका शाळेत अर्धा आठवडा: सोम ते बुध, गुरु ते शनि. दोन पेट्यांत आठवड्याला ४ शाळा, चार आठवड्यांत १४ शाळा होऊन दोन जागा सुट्टीबिट्टीसाठी उरतात.

रसायनं फिरवूच नका. संपणारी वस्तू शाळेला एकदाच द्यायची, न संपणारी फिरवायची. सेलसुद्धा शाळेचेच. नाहीतर प्रत्येक शाळेला आधीच्या शाळेने पिळून काढलेले सेल मिळतात आणि ‘ओहमचा नियम लागत नाही’ म्हणून फोन येतात.

६० मुलांच्या तीन बॅचेस, रोज एका बॅचला जोडतासिका, चार-चार जणांचे ५ गट. म्हणून संच ५ अधिक १ राखीव. एका संचात:
- अमीटर ०–५०० मिलीअँपिअर, व्होल्टमीटर ०–५ व्होल्ट
- रिओस्टॅट (रोध कमी-जास्त करायला) २० ओहम, प्लग कळ, दोन मोठ्या सेलचा होल्डर
- १० ओहमचा ५ वॅटचा सिमेंट रोध
- जोडणीच्या ७ तारा (मंडलाला ५, व्होल्टमीटरला २)

५ ओहमचा रोध घेऊ नका. ३ व्होल्टला ०.६ अँपिअर होतात, सुई पट्टीबाहेर. १० ओहमला रिओस्टॅट फिरवून ०.१ ते ०.३ अँपिअर मिळतात, आलेख व्यवस्थित निघतो. पाव वॅटचा स्वस्त रोधही नको. पूर्ण प्रवाहाला त्यात ०.९ वॅट उष्णता तयार होते, रोध तापून जळतो.

अमीटर मरतात ते एकाच कारणाने: पोरं तो सेलला समांतर जोडतात. शिक्षकांनी जोडणी पाहिल्याशिवाय कळ लावायची नाही, हे पेटीच्या झाकणावरच चिकटवा.

प्रयोगशाळा_परिचर:
रसायनांचं सांगतो. द्रावणं करून पाठवलीत तर अर्धी पिशवीत सांडतील. पुड्या पाठवा. लोखंड आणि कॉपर सल्फेटच्या प्रयोगाला गटाला १० मिलि पुरे. १५ गटांचे १५० मिलि, सांडलवंड धरून २०० मिलि. ५ टक्क्यांचं द्रावण म्हणजे शाळेला १० ग्रॅमची एक पुडी. १४ शाळांना १४० ग्रॅम. कृषी केंद्रातलं मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेटच) चालतं, फक्त द्रावण गाळून घ्या.

पाणी मात्र ऊर्ध्वपातित हवं. बोअरच्या जड पाण्यात द्रावण गढूळ होतं. गॅरेजमध्ये बॅटरीत भरायचं पाणी मिळतं ते घ्या. मागताना ‘पाणी’ असंच सांगा आणि लेबल वाचा, तिथे ॲसिडचे कॅनही शेजारीच असतात.

खिळा चकचकीत पांढरा असेल तर त्यावर जस्ताचा मुलामा असतो. मग लोखंडाऐवजी जस्ताची अभिक्रिया होते आणि काळपट भुसभुशीत थर बसतो. साधा खिळा पॉलिशपेपरने घासून घ्या. २० मिनिटांत तांबूस थर दिसतो.

हायड्रोक्लोरिक आम्ल एकाच शाळेत विरल करून वाटा, तीव्र आम्लाची बाटली गाडीत घालू नका. १ लिटर १ मोलार करायला सुमारे ९०० मिलि पाण्यात ८५ मिलि तीव्र आम्ल हळूहळू सोडा, मग लिटरपर्यंत पाणी. आम्ल पाण्यात, उलटं कधीच नाही. सोडियम हायड्रॉक्साइड प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेचं बूच बसलं की निघत नाही.

विज्ञान_समन्वय:
दोन सारख्या पेट्या पटलं. पण शनिवारी सकाळची शाळा, तासिका आखूड. तिसरी बॅच कशी बसवायची? आणि जडवस्तू नोंदवही, म्हणजे टिकाऊ सामानाची वही, कुणाकडे?

ओहमराव:
गुरुवारी एक बॅच, शुक्रवारी दोन, शनिवारी फक्त मोजणी आणि रवानगी. पेटीत फोमला वस्तूच्या आकाराचे खाचे पाडा, झाकणाच्या आत भरलेल्या पेटीचा फोटो लावा. रिकामा खाचा लगेच डोळ्यात भरतो. दहा पानांची यादी कुणी वाचत नाही.

भिंगवाला:
प्रकाशाच्या पेटीत १० आणि २० सेंमी नाभीय अंतराची बहिर्वक्र भिंगं घ्या, आणि अंतर होल्डरवर रंगाने लिहा. कडेचे कागद पावसाळ्यात गळतात, मग सगळी भिंगं एकसारखी. सिलिका जेलची पुडी ठेवा, दमटपणात काचेवर बुरशी चढते. काचेच्या चिपेच्या प्रयोगात निर्गत किरण (काचेतून बाहेर पडणारा) आत शिरणाऱ्या किरणाला समांतर येत नसेल तर टाचण्या बघा: एकमेकींना खेटून लावलेल्या असतात. किमान ५ सेंमी अंतर ठेवा, आणि चीप हलली तर कागद बदला.

नोंदीचं: पेटी एकाच शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत चढवा, बाकीच्यांनी तात्पुरती पोच द्यायची. चंचुपात्रं, परीक्षानळ्या उपभोग्य वस्तूंच्या वहीत घ्या. नाहीतर एका फुटलेल्या नळीसाठी निर्लेखनाचा (वहीतून नाव कमी करण्याचा) प्रस्ताव करत बसावं लागतं.

विज्ञान_समन्वय:
धन्यवाद सगळ्यांना. पोचपावतीचा नमुना आणि शाळांचा क्रम तयार करून इथेच टाकतो. रस्त्याप्रमाणे लावतोय, म्हणजे बुधवारी शाळा सुटल्यावर पेटी शेजारच्या गावात जाईल.