अंतर भागिले वेग एवढ्यावर भागत नाही

कुणीतरी विचारलंय की अंतराला विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी ९०० किमीने भागलं तर तिकिटावरची प्रवासाची वेळ का जुळत नाही. गणित बरोबर आहे, पण त्यात वारा धरलेला नाही.

लंडनचं हीथ्रो विमानतळ ते न्यूयॉर्कचं जेएफके विमानतळ घ्या. पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर साधारण ५,५५० किमी, म्हणजे सहा तासांच्या आसपास यायला हवेत. प्रत्यक्षात जाताना सुमारे आठ तास दाखवतात, परतताना सातच्या जवळपास. अंतर तेच! उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो, हिवाळ्यात तो फारच जोरकस असतो. पूर्वेला जाताना तो विमानाला ढकलतो, उलट दिशेला अडवतो. म्हणून वैमानिक कधीकधी मुद्दाम लांबचा मार्ग घेतात आणि तरी लवकर पोचतात. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं-उतरणं सगळं त्यातच. आणि हो, निघायची आणि पोचायची, दोन्ही वेळा स्थानिक असतात, त्यामुळे नुसती वजाबाकी करू नका, आधी वेळेच्या पट्ट्यांमधला फरक काढा.