'आक्कातोने'चं रखरखीत कृष्णधवल डिजिटलवर कसं आणायचं?

रखरखाट: इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीच्या या पहिल्या चित्रपटासारखा (1961) पोत एका लघुपटात हवा आहे. भर दुपारचं ऊन, पडीक जागा, कधी अभिनय न केलेली माणसं, सगळं आहे. पण रंग काढले की फुटेज जाहिरातीसारखं गुळगुळीत दिसतं. कॅमेरा फुल-फ्रेम, बहुतेक शॉट 24-35 मिमीवर, हातात धरून. नववास्तववाद, म्हणजे खऱ्या जागा नि साधी माणसं घेणारी इटालियन शैली, ती हीच ना? चुकतंय कुठे?

निगेटिव्ह: पहिली चूक लेन्सची. छायालेखक तोनिनो देल्ली कोल्लीने मुख्यतः 50 आणि 75 मिमीच्या लेन्स वापरल्या. 24 वर चेहऱ्याचं नाक पुढे येतं नि मागची वस्ती लांब पळते. 75 वर भिंत माणसाच्या पाठीला येऊन चिकटते. फिल्मची चौकट जवळपास 4:3 होती. तुम्ही 16:9 मध्ये चित्रित करून बाजू कापणार असाल, तर फुल-फ्रेमवर 50 च्या जागी साधारण 65 आणि 75 च्या जागी 95 लावा. एपीएस-सी या लहान सेन्सरवर 40 आणि 60.

फिल्म फेर्रानिया पी30, कडक कॉन्ट्रास्टची. डिजिटलवर फक्त सॅच्युरेशन शून्य केलं की मधले करडे टोन शिल्लक राहतात, गुळगुळीतपणा तिथूनच येतो. ते कर्व्हमध्ये, म्हणजे उजेड-अंधार वर-खाली करायच्या आलेखात, दाबा. मात्र चित्रीकरणात आकाश जळू देऊ नका. फिल्मवरचं पांढरं हळूहळू उडतं, सेन्सरवरचं एकदम कापलं जातं. एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश, ठेवा, पांढरं नंतर ग्रेडिंगमध्ये चढवा. लाल फिल्टर नको, आकाश काळं पडून चित्र नाटकी होतं. शार्पनिंग कॅमेऱ्यातच बंद करा, ग्रेन (फिल्मसारखे दाणे) सगळ्यात शेवटी.

चौकट: आणि तो हातातला कॅमेरा ठेवून द्या! पाझोलिनीने नववास्तववादाकडून रोममधल्या पिन्येतो वस्तीसारख्या जागा घेतल्या, फ्रांको चित्तीसारखे नवखे चेहरे घेतले; न तोडता बराच वेळ वाहणारा शॉट मात्र नाकारला. त्याच्या डोक्यात पंधराव्या शतकातला चित्रकार मासाच्चोची भित्तिचित्रं होती, म्हणून चेहरे समोरून, ठाम. यात नवख्या नटांचीही सोय होते: पानभर संवाद देऊ नका, एका शॉटला एक वाक्य. फक्त दुपारी सावल्या भराभर सरकतात, तेव्हा एका माणसाचे सगळे क्लोजअप आधी उरका, मग दुसऱ्याकडे वळा. आलटून पालटून घेतलेत तर संकलनात नाकाची सावली शॉटागणिक उड्या मारेल.

कानोसा: आवाजाचं कुणी बोललंच नाही. चित्तीचा आवाज पडद्यावर त्याचा नाही, पाओलो फेर्रारीचा आहे. इटलीत तेव्हा डबिंग सर्रास चालायचं. तुम्ही डब करणार असाल तर जागेवर गाइड ट्रॅक (डबिंगवेळी ऐकायला कच्चा आवाज) घ्याच, नि प, ब, म आधी जुळवा. मिटलेले ओठ चुकले की प्रेक्षकाला लगेच कळतं. बंद खोलीतला कोरडा आवाज उघड्या माळावर बसत नाही, म्हणून त्या जागेची नुसती शांतता दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करून खाली पसरा. संगीताचं म्हणाल तर धुळीतल्या मारामारीवर बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' आहे. संगीत मारामारीच्या तालावर कापलेलं नाही, आपल्या संथ गतीने चालतं. ठोशागणिक ठेका जुळवलात तर नुसती हाणामारी उरेल.

रखरखाट: 85 ची लेन्स हाताशी आहे. 95 ऐवजी चालेल?

निगेटिव्ह: चालेल. थोडं पुढे सरकू नका, कडाच जास्त कापा.